बीपीची मासोळी

"मॅडम, तुमच्या दवाखान्यात सगल्यात चकचकीत पट्टी कोनत्या गोलीची?"

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी कुठली, लग्न झालंय का, मासे चालतात का, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. मी अलिबागजवळच्या सरकारी दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीवर नुकतीच रुजू झाले होते. उदगीरकडची असल्यामुळे समुद्र तोपर्यंत फक्त कॅलेंडरवर पाहिलेला. मला वाटलं, यांना काहीतरी नाजूक आजार आहे आणि आडून आडून विचारतायत. मी गंभीरपणे विचार करून सांगितलं, "पित्ताच्या गोळीची. पण बीपीच्या गोळीची जरा निळसर चमकते." त्यांनी मान डोलावली, आत वळून बायकोला, म्हणजे काकींना, म्हणाले, "गो, हिला खोली देऊन टाक," आणि परसात निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. ओटीवर एक मोडकं शिवणयंत्राचं टेबल होतं आणि त्यावर काका लाकडाचा मासा कोरत बसले होते. वीतभर लांबीचा पांगाऱ्याचा हलका तुकडा, पोटात वितळवून ओतलेलं शिसं, तोंडाला जुन्या सीडीतून कापलेला ओठ, पोटाखाली आणि शेपटीला तीन-तीन काट्यांच्या गऱ्या. अंगावर गोळ्यांच्या रिकाम्या पट्टीची चांदी चिकटवून त्यावर दोन हात वार्निश. डोळ्यांच्या जागी काकींच्या खड्याच्या टिकल्या. मुंबईची शौकीन मंडळी याला लूर म्हणतात. काका मासोळी म्हणायचे, घरातल्या लेकीबद्दल बोलावं तसं.

मी आल्यापासून पट्ट्यांचा तुटवडा संपला. पेशंट रिकाम्या पट्ट्या दाखवून औषधं न्यायचे, त्या पट्ट्या मी पिशवीत टाकायचे आणि संध्याकाळी ओटीवर ओतायचे. काका त्या बोटांनी चाळून, उन्हाला धरून निवडायचे. मग मासोळ्यांची नावंही तशीच पडली. गढूळ पाण्याला पित्ताची. ऊन चढल्यावर थायरॉइडची. आभाळ असलं तर साखरेची. आणि सगळ्यात लाडकी बीपीची. सकाळी मी डबा घेऊन निघाले की फाटकातून आवाज यायचा, "मॅडम, आज बीपीची नेतो. पानी निवललंय." शेजारी नवीनच राहायला आलेल्या बाईंनी एकदा मला काळजीने विचारलं, तुमच्या घरमालकांना एवढे आजार आहेत तर एकटं खाडीवर कशाला सोडता त्यांना.

काकांनी उभं आयुष्य रेवसहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचचं सुकाणू धरलं होतं, म्हणून गावात सगळे त्यांना सारंग म्हणायचे. घराणं मिठागराचं, पण यांना मिठापेक्षा पाण्याची ओढ. निवृत्त झाल्यावर स्कूटर घेतली आणि ती ते लाँचसारखीच चालवत. घर यायच्या कितीतरी आधी इंजिन बंद करायचे आणि स्कूटर नुसती वाहू द्यायचे. बरोबर फाटकाला येऊन टेकली तर तोंडावर समाधान. नाही टेकली तर उतरून मागे ढकलत न्यायचे आणि पुन्हा वाहत यायचे. मागे बसलेल्या माणसालाही मागे चालत जाऊन पुन्हा बसावं लागे. हे मी स्वतः केलंय, तीनदा, भाजीच्या पिशव्यांसकट.

आमच्या घराच्या एका अंगाला भातशेती आणि दुसऱ्या अंगाला खाडी, मध्ये मातीचा बांध. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधाला जागोजागी लाकडी दारं असतात, त्यांना उघाडी म्हणतात. ओहोटी लागली की उघाडीतून शेताकडचं पाणी खाडीत धावतं, त्याच्याबरोबर बारकी मासळी वाहत येते, आणि तिच्या वाटेवर जिताडा उभा असतो. हे सगळं ज्ञान मला पहिल्या आठवड्यातच मिळालं, न मागता.

जिताडा हा खारेपाटाचा, म्हणजे या खाडीकाठच्या खाऱ्या पट्ट्याचा, मानाचा मासा. व्याही जेवायला आले तर जिताडा, साहेब आला तर जिताडा. लोक तो तळ्यात पाळतात, जाळ्याने धरतात, कुणी गरीला जिवंत कोळंबी लावून धरतात. काकांना यातलं काहीच मान्य नव्हतं.

"जित्या कोलंबीला कोनीबी फसंल," ते म्हणायचे. "ती खरीच हाय. त्यात त्याची काय चूक? खोट्याला फसला पायजे."

मी म्हटलं, "काका, फसवायचं आणि वर त्याचाच अभिमान?"

"फसवायचं नाय गो पोरी. पटवायचं."

अकरा वर्षं ते जिताड्याला पटवत होते. अकरा वर्षांत त्यांच्या मासोळ्यांना तांब, शिंगाळे असले दुसरे मासे लागले, एक खेकडा लागला, कुणाची तरी डाव्या पायाची चप्पल लागली. जिताडा एकही नाही. आणि या माणसाची सगळ्यात मोठी खोड अशी, की तो खोटं बोलत नसे. गरवायला, म्हणजे गरीने मासे धरायला, जाणारी माणसं परत येताना हात किती पसरतात हे मी नाक्यावर रोज बघायचे. हातातून सुटलेला मासा दर चहाला वाढत जातो. काकांना कुणी विचारलं, "काय सारंग, लागलं का?" की हे स्कूटर वाहती ठेवून, न थांबता सांगायचे, "न्हाय." कधी लोक मुद्दाम विचारायचे, त्यांचं ते न्हाय ऐकायला. मला राग यायचा. यांना कधी आला नाही.

घरातली चमकणारी वस्तू सुरक्षित नव्हती. काकींचे स्टीलचे चमचे दांडे कापून खाडीत गेले. टिकल्यांची पाकिटं आणली की त्या आधी मासोळीच्या डोळ्यांच्या मापाच्या बाजूला काढून यांना द्यायच्या, म्हणजे उरलेल्या वाचतील. माझ्या नेलपॉलिशच्या बाटल्या मी पहिल्या महिन्यातच गमावल्या. "हा गुलाबी कोलंबीचा हुबेहूब हाय," म्हणून काका माझ्या बोटांकडे असं बघायचे की मी हात पाठीमागे घ्यायचे. काकी तक्रार करायच्या, पण ती भात ढवळता ढवळता केलेली, सवयीची तक्रार. "लग्नात घातलेली जोडवी तेवढी पायात हायेत," त्या मला म्हणायच्या, "तीबी झोपताना मोजून घेते."

आता हौदाची गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय काका कळायचे नाहीत.

काकांचं म्हणणं होतं की मासोळी वरून बघून काही कळत नाही. ती माशाच्या जागेवरून बघायला पाहिजे. म्हणून दर रविवारी दुपारी ते परसातल्या कपडे धुवायच्या हौदात उताणे झोपायचे. डोळ्यांना पोहायचा चष्मा, तोंडात बागेच्या पाइपचा तुकडा, बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांची चड्डी. मी काठावर. माझं काम असं की मासोळी दोरीला बांधून त्यांच्या तोंडावरून या टोकाकडून त्या टोकाला ओढायची. दोरी हाताला दोन वेढे येतील एवढी ओढायची, मग एक श्वास थांबायचं. थांबलं की मासोळी जराशी वर येते आणि पोट दाखवते, दमलेला मासा करतो तसं. जिताडा त्या श्वासावर येतो, असं शास्त्र. नीट चालली तर काका पाण्यातून अंगठा वर करायचे. नाही चालली तर पाइपमधून गुरगुरायचे. मी औषधनिर्माणशास्त्र शिकले आहे. माझ्या आईने फोनवर विचारलं, काय करतेयस, की मी सांगायचे, कपडे धुतेय.

चाचणीच्या वेळी गऱ्या काढून ठेवायच्या, हा नियम. एका रविवारी नव्या मासोळीच्या गऱ्या काढायला ते विसरले आणि बघायला मी विसरले. दोन वेढे, एक श्वास, आणि दोरी एकदम ताठ. काका हौदातून असे उठले की अर्धा हौद माझ्या अंगावर. चष्मा कपाळावर, पाइप बाजूला, आणि मिशीखाली वरच्या ओठातून लोंबकळणारी बीपीची. मी रडायलाच लागले. हे मात्र त्या मासोळीला बोटाने आधार देऊन हसत होते, जेवढं त्या ओठाने हसता येईल तेवढं.

"बघ, कुठं बसलीय. वरच्या ओठात. मधोमध. अशीच बसाला पायजे."

स्कूटरवरून दवाखान्यात आम्ही तसेच गेलो, काका चालवतायत आणि मासोळी वाऱ्यावर हलतेय. आमच्या डॉक्टरांनी काटा पुढे ढकलून, त्याचं टोक पक्कडीने तोडून मग बाहेर काढला. धनुर्वाताचं इंजेक्शन देताना विचारलं, "काका, झालं कसं हे?" दुसरा कुणीही म्हणाला असता, गरवताना लागलं. हे म्हणाले, "डॉक्टर, मी मासा होतो." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचायला घेतला.

मांडव्याच्या जेट्टीवरही ते मला एकदा घेऊन गेले होते. तिथे बोटीतून मुंबईची गरवणारी मंडळी उतरतात, पाठीवर लांब पिशव्या, खिशाखिशांची जाकिटं. त्यातल्या एका गृहस्थाने पेटी उघडली तर आत रांगेने परदेशी लूर, दागिन्यांच्या दुकानात मांडावेत तसे. काकांनी परवानगी विचारून एक उचलला. कानाशी नेऊन हलवला. आतल्या गोळ्या वाजल्या. मग जिभेच्या टोकाला लावला. "वार्निश चांगलं हाय," म्हणाले. तो गृहस्थ मोठ्या मनाचा होता, त्याने तो लूर काकांना देऊ केला. काकांनी हात जोडले. "नको साहेब. याच्यावर लागला तर तो कंपनीनं पटवला असं होईल. मग मी काय केलं?" वाटेत मी भांडले, घ्यायला काय हरकत होती म्हणून. त्यांनी घर यायच्या आधी इंजिन नेहमीपेक्षा लवकर बंद केलं आणि आम्ही नाक्यावरच अडकलो.

तिसऱ्या वर्षी त्यांच्या मुलीचं लग्न ठरायला आलं. ही माझ्याच दवाखान्यात नर्स, माझी मैत्रीण. मुलगा तिनेच निवडलेला, बापाच्या तळ्यांचा कारभार बघणारा. खारेपाटातली पाच तळी त्यांची. त्यांच्या तळ्यातला जिताडा म्हटला की अलिबागच्या बाजारात कोळणी नाव घेऊन विकतात. मुलाचे वडील उंच, पांढऱ्या कपड्यांतले, हळू बोलणारे. आम्ही त्यांच्याकडे बोलणी करायला गेलो तेव्हा चहा झाला, पोहे झाले, सगळं गोड चाललं होतं. मग ते काकांना सहज म्हणाले, "ऐकलंय, तुमी लाकडाची मासोली टाकता. खातो का जिताडा लाकूड?"

चेष्टाच होती, आणि वाईट मनाने केलेली नव्हती. पण काकांनी बशी खाली ठेवली.

"तुमी आमच्याकडं जेवाला याल ना, तवा ताटात माझ्या मासोलीनं पकडलेला जिताडा असंल."

काकींनी पदराआडून त्यांना जो चिमटा काढला तो मला दिसला. मुलीने कपाळाला हात लावला. व्याही हसून म्हणाले, "मग पुडल्याच्या पुडल्या रईवारी येतो." झालं. पंधरा दिवस. अकरा वर्षांत जे झालं नाही त्याला पंधरा दिवस. व्याह्याला पहिल्या जेवणाला जिताडा वाढला नाही तर खारेपाटात ते लोक बोलून दाखवत नाहीत, पण विसरतही नाहीत. आणि इथे तर काकांनी शब्द दिला होता.

मग काका घरात दिसेनासे झाले. ओहोटी जेव्हा लागेल तेव्हा उघाडीवर. पित्ताची, साखरेची, थायरॉइडची, सगळ्या पाण्यात जाऊन आल्या. नाक्यावरचं "न्हाय" आता हळू येऊ लागलं. मुलगी कामावर इंजेक्शनं देताना गप्प. मी तिला म्हटलं, "अगं, तुझे सासरे एवढ्यावरून मोडायचे नाहीत." ती म्हणाली, "ते नाय मोडणार. बाबा मोडतील." तोपर्यंत मी हा सगळा तमाशाच समजत होते.

शुक्रवारी संध्याकाळी काकी माझ्या खोलीत आल्या, दार लावून घेतलं आणि डोक्यावरची पाटी उतरवली. पाटीत ओल्या फडक्याखाली जिताडा. माझ्या हाताएवढा लांब, काळपट सोनेरी पाठीचा.

"बाजारातल्या कोलनीकडनं आनला. तुज्या फ्रिजात ठेवते. आमच्यात ठेवला तर यांना दिसंल."

"काकी, काकांना कळलं तर?"

"त्यांना लागला तर हा आपन दोगी खाऊ. नाय लागला तर पावने उपाशी जानार नायत. मी काय बोलनार नाय, तू काय बोलू नको. कोनी विचारलं नाय तर खोटं कुठं?"

माझा फ्रिज कमरेएवढा. जिताडा तिरका घातला, उभा घातला, भाज्यांचे ट्रे काढले, माझ्या आईने पाठवलेलं लोणचं बाहेर काढलं, तरी शेपूट बाहेरच. शेवटी दार ओढणीने बांधलं. दोन दिवस माझ्या फ्रिजमधून शेपूट बाहेर होतं आणि काका भिंतीपलीकडे नवी मासोळी घासत होते. मला त्यांच्या नजरेला नजर देववत नव्हती.

रविवारी पहाटे ते बीपीची घेऊन गेले. अकराला परत आले. स्कूटर वाहत आली आणि बरोबर फाटकाला टेकली. ते उतरले, रिकामी पिशवी खुंटीला अडकवली. कुणी काही विचारलं नाही. काकींनी त्यांना मोरीत ढकललं, इस्त्रीचा सदरा हातात दिला. कालवणाचा वास घरभर सुटलेला होता, तो त्यांना आला नसेल असं नाही. बाजारातून आणला असणार हे समजून ते गप्प राहिले. शब्द गेला, पण पाहुण्यांच्या पोटाचा प्रश्न सुटला, एवढंच त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

पंगत बसली. जिताड्याचं डोकं मानाचं, ते व्याह्यांच्या ताटात. त्यांनी तुकडा मोडला, भाताबरोबर तोंडात घातला, आणि चावता चावता थांबले. पुन्हा हळूहळू चावलं. मग म्हणाले, "जिताडा कुठला?"

साधा प्रश्न. बाजारचा, एवढं म्हटलं असतं तर संपलं असतं. पण काकी दोन दिवस जीव मुठीत धरून होत्या. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "उघाडीवरचा. यांनीच पकडला सकाली."

माझा घास तिथेच राहिला. काकांनी काकींकडे पाहिलं. समोर मुलगी वाढायची पळी घेऊन उभी होती, तिच्याकडे पाहिलं. आता हा माणूस काय करणार हे मला माहीत होतं, आणि देवा, आजच्या दिवस करू नको, असं मी मनात म्हणत होते.

"न्हाय, व्याही," काका म्हणाले. "हा मी नाय पकडला. मी आजवर एकबी जिताडा नाय पकडला. अकरा वर्सं जातो. दोन वेलाला जातो. पंधरा दिवस तर रोज गेलो. नाय लागला. शब्द दिला होता तो नाय पाल्ला. तुमाला काय बोलाचं ते मला बोला, पोरीला नको."

व्याह्यांनी तोंडातला काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"ते मला पैल्या घासाला कललं," ते म्हणाले. "हा माझा हाय."

"म्हंजे?"

"माझ्या मधल्या तल्यातला. त्या तल्याच्या मासलीला जरा चिखलाची चव लागते, मी किती वर्सं ती घालवाला बघतोय. शुक्रवारी एकच काढला, कोलनीला दिला. शेपटीला वरच्या अंगाला जालं लागून चिरलाय. बघा पातेल्यात."

मुलीने पातेल्यात पळी घालून शेपटीचा तुकडा वर काढला. वरच्या अंगाला चीर. ती शेपटी दोन दिवस माझ्या डोळ्यांसमोर फ्रिजबाहेर होती आणि माझं लक्ष गेलं नव्हतं. व्याह्यांना त्यांचाच मासा, वर आमच्या पराक्रमाची फोडणी देऊन. पहिली हसली ती मुलगी. पळी हातात धरून ती जी हसत सुटली ती खालीच बसली. मग मला आवरेना, भाताची शितं नाकात गेली. मग व्याही, हळू बोलणारा तो माणूस, मांडीवर थापा मारत हसायला लागला. काकी पदर तोंडावर घेऊन रडतायत की हसतायत ते बराच वेळ कळत नव्हतं.

काका हसत नव्हते. व्याह्यांनी डोळे पुसले, आपल्या ताटातलं ते मानाचं डोकं उचललं आणि काकांच्या ताटात ठेवलं.

"अकरा वर्सं?" ते म्हणाले. "आनि एकबी नाय? मग जाता कशाला हो?"

"मासोली हातात असते ना, तवा ती लाकूड असते," काका म्हणाले. "पान्यात टाकली आनि ओढली की ती जिती होते. ते मला दिसतं. जिताड्यालाबी दिसावं, एवढंच."

"आना ती. बघू."

काकांनी मासोळ्यांनी भरलेला बिस्किटांचा अख्खा डबा पंगतीतच आणला. ही पित्ताची, ही साखरेची, ही थायरॉइडची. व्याह्यांनी उष्टा हात मागे धरून डाव्या हाताने एकेक उचलली. बीपीच्या मासोळीपाशी थांबले. "ही गोली मीबी घेतो," म्हणाले, "रोज सकाली." आणि माझ्याकडे वळून गंभीरपणे विचारलं, "मॅडम, पट्ट्या फेकून देतो मी. कोनाला द्याच्या?"

मग ते म्हणाले, "सारंग, येत्या रईवारी ही घेऊन माझ्या तल्यावर या. तिथं दीडशे जिताडे हायेत. एक तरी घेऊनच घरी जा."

आता सगळं मिटलं होतं. एक हो म्हटलं की झालं. काका म्हणाले, "नको. तल्यातला पाललेला असतो. त्याला रोज तुमी खायला टाकता. त्याला काटा लावनं बराबर नाय."

व्याह्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मोठ्या मनाने केलेल्या बोलावण्याला नाही म्हणायचं, तेही पंगतीत. काकींनी डोळे मिटून घेतले. मला तर वाटलं, उठावं आणि या माणसाला हौदात बुडवावं. मुलगी शेपटीची पळी हातात धरून हळूच म्हणाली, "बाबा. जा ना. नुसतं बघाला तरी जा."

काकांनी मान वर केली. "बघाला?" ते म्हणाले. "बघाला येतो. गऱ्या काढून येतो."

"गऱ्या काढून?" व्याही म्हणाले. "मग पकडनार काय?"

"पकडाला नाय. पटतं का ते बघाला."

व्याह्यांना यातलं काही कळलं नसावं, पण त्यांनी मान हलवली आणि लग्न ठरलं.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही तळ्यावर गेलो. काका, काकी, मुलगी आणि मी. काकांनी सर्वांसमोर बीपीच्या मासोळीच्या दोन्ही गऱ्या सोडवल्या आणि सदऱ्याच्या खिशात टाकल्या. व्याही मोठ्या कौतुकाने बांधावर बसले, चहाची किटली शेजारी. ते तळं शांत, कडेला लव्हाळा, पाण्यावर एक घारीची सावली. काकांनी गळाची रॉड मागे नेली आणि मासोळी फेकली. ती पलीकडे लव्हाळ्याच्या कडेला पडली. दोन वेढे, एक श्वास. दोन वेढे, एक श्वास. माझा हात नकळत त्यांच्याबरोबर फिरत होता.

तिसऱ्या श्वासाला पाणी फुटलं. फुटलं म्हणजे घागर आपटावी तसा आवाज झाला आणि मासोळी हवेत उडाली. तिच्या मागे रुपेरी पोटाचा, लालभडक डोळ्यांचा जिताडा अर्धा बाहेर आला, पलटला, गेला. व्याही किटली लाथाडून उभे राहिले. मासोळी पाण्यावर पडली न पडली तोच पुन्हा झडप. काकांची रॉड वाकली, सुटली, वाकली, सुटली. लावायला काटा नव्हता, पण जिताडा ऐकेना. तो पाठलाग करत थेट कडेपर्यंत आला, आमच्या पायांशी वळला आणि जाता जाता शेपटीने सगळ्यांना भिजवून गेला. काकी ओरडल्या, मुलगी नाचली, मी कुणाला तरी मिठी मारली, नंतर कळलं ते व्याही होते.

काकांनी मासोळी वर ओढून हातात घेतली. चांदीवर आडवे चरे पडले होते, एक टिकली गेली होती. हौदात ओठाला काटा बसला तरी हसणारा तो माणूस मासोळीवरून अंगठा फिरवत होता आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायची त्यांना शुद्ध नव्हती.

"काय हो सारंग," व्याही चिखलातल्या पायांनी त्यांच्यापाशी येऊन म्हणाले, "काटा असता तर घरी नेला असता ना आज. केवडा होता."

काकांनी मासोळी त्यांच्यापुढे धरली, ते चरे दाखवायला.

"नेऊन काय कराचाय, व्याही," ते म्हणाले. "त्याला खरी वाटली."